छातीतील सावली आणि तिचे खरे नाव

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या डहाणू येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा एक प्रेमळ अट घातली होती. आरोग्यावर बोला, पण घरी गेल्यावर लोकांच्या लक्षात राहील असे बोला, अशी ती अट. आमचे आयुष्य सूक्ष्मदर्शकासमोर गेले आहे. रोग्याची नाडी धरण्याचा प्रसंग आम्हांवर क्वचितच आला. त्याच्या शरीराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचपट्टीवर येऊन आमच्यापुढे पडे आणि त्याचे नाव काय, एवढेच आम्ही सांगत असू. तेव्हा आम्ही बोलणार ते या तुकड्याविषयीच. विषय घेतला आहे फुप्फुसात उद्भवणाऱ्या सार्कोमा नावाच्या अत्यंत विरळा कर्करोगाचा. फुप्फुसाच्या एकंदर कर्करोगांत याचे प्रमाण हजारांत पाचांहूनही कमी असते. या सभामंडपातील कोणालाही तो होण्याचा संभव जवळजवळ नाही. असे असता तो विषय का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, निदानाच्या कामी आपल्या घरांतून ज्या चुका होतात त्या नेहमीच्या रोगांत खपून जातात. या रोगात त्या खपत नाहीत, म्हणून त्या येथे स्पष्ट दिसतात.

एक हकीगत सांगतो. नाव, गाव आणि साल सांगत नाही. तलासरीच्या बाजूचे एक कर्ते गृहस्थ, वय चाळिशीच्या आत, विडीकाडीचे व्यसन नाही. त्यांना उजव्या छातीत दुखू लागले, खोकला आला आणि एके दिवशी थुंकीत रक्त दिसले. क्ष-किरणांच्या छायाचित्रात लिंबाएवढी वाटोळी सावली होती. थुंकी दोनदा तपासली. क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तरीही सावली आहे, रक्त आहे, वजन उतरते आहे, तेव्हा क्षयच असला पाहिजे, असे धरून औषधे सुरू झाली. चार महिने ती नेमाने घेतली गेली. चार महिन्यांनी दुसरे छायाचित्र काढले तेव्हा लिंबाचे मोठे मोसंबे झाले होते.

येथे आम्ही कोणाही डॉक्टरास दोष देत नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, जेथे अर्धपोटी राहणारी माणसे आहेत आणि कामासाठी वर्षातून सहा महिने परगावी वस्ती करणारी कुटुंबे आहेत, तेथे छातीतील सावली पाहून प्रथम क्षयाचा संशय घेणारा डॉक्टर चुकत नाही. पुरावा न मिळताही त्याच संशयावर बसून राहणे ही मात्र चूक होय. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचे जंतू दाखविले, त्याला आता जवळजवळ दीड शतक लोटले. आज त्या जंतूंचा जनुकीय अंश काही तासांत ओळखणारी यंत्रे आहेत. त्यांपैकी ट्रूनॅट नावाचे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते. तेव्हा 'क्षय असावा' आणि 'क्षय आहे' या दोन वाक्यांतील अंतर आज पूर्वीइतके दुस्तर राहिलेले नाही. जंतू सापडले नाहीत आणि औषधानेही गुण येत नाही, असे झाले म्हणजे सावलीचा तुकडा काढून पाहणे अटळ ठरते. छायाचित्र आकार सांगते, जागा सांगते; जात सांगत नाही. ज्ञातिसंमेलनात हा शब्द वापरल्याबद्दल आपण हसाल, परंतु आम्हां विकृतिविज्ञानाच्या लोकांस दुसरा नेमका शब्द सुचत नाही.

आता सार्कोमा म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे पूर्वी कारवीच्या कुडाची घरे असत, आजही पाड्यापाड्यांतून आहेत. कारवीच्या काठ्यांचा कूड, आणि त्यावर शेणमातीचे सारवण. शरीराचीही रचना काहीशी अशीच आहे. श्वासनलिका, अन्ननलिका, तोंड यांना आतून पेशींचे सारवण असते. त्याला आपण अस्तर म्हणू. नेहमी ऐकू येणारे बहुतेक कर्करोग या सारवणातून उठतात. त्यांस कार्सिनोमा म्हणतात. तंबाखू, विडी, धूर यांचा मारा प्रथम सारवणावरच होतो. परंतु सारवणामागच्या कुडातून, म्हणजे शरीर सांधून धरणारे तंतू, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या यांच्या जातीच्या पेशींतून जो कर्करोग उठतो तो सार्कोमा. ग्रीक भाषेत मांसाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. हातापायांत तो अधिक होतो. फुप्फुसातच मुळात उठणे हा प्रकार फारच विरळा.

नावाच्या साम्याने होणारा एक घोटाळा येथेच सांगून टाकतो. सार्कॉइडोसिस म्हणून फुप्फुसाचाच एक निराळा आजार आहे. तो कर्करोग नव्हे. तोही क्षयासारखा दिसतो, आणि पुष्कळदा आपोआप बराही होतो. आमच्या परिचयातील एका घरी अहवालावरील हे नाव कोणी तरी अर्धवट वाचले, सार्कोमा असे समजून रडारड झाली, आणि ठरलेला साखरपुडा पुढे ढकलला गेला. अहवाल वाचावयाचा तर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा, नाही तर वाचूच नये.

आमच्या गृहस्थांकडे परत येऊ. एका रुग्णालयात सुईने त्यांच्या गाठीचा तुकडा काढला गेला आणि तो मुंबईस पोचविण्याचे काम त्यांच्या मेहुण्यांकडे आले. मे महिन्याचे दिवस. तुकडा मिठाच्या पाण्याच्या बाटलीत होता. डहाणू रोडहून चर्चगेटपर्यंतचा सुमारे १२४ किलोमीटरचा प्रवास, मध्ये एक रात्र नातलगाकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली टेबलावर आली तेव्हा आतील पेशी कुजून गेल्या होत्या. रंग दिला, पाहिले. काचपट्टीवर नुसती गुलाबी धूसरता. ते रुग्णालय कोणते हे सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष आमच्याही पदरी आहे. मेहुण्यांनी आदल्या दिवशी आम्हांस दूरध्वनी केला होता, आणि तुकडा कशात ठेवला आहे, हा साधा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्या गृहस्थांना दुसऱ्यांदा सुई सोसावी लागली आणि तीन आठवडे गेले.

म्हणून ही गोष्ट घरातील एकाने तरी ध्यानात ठेवावी. फेर्दिनांद ब्लुम या जर्मन वैद्याने १८९३ साली दाखवून दिले की, फॉर्मॅलिनमध्ये ऊतक कुजत नाही, घट्ट होते आणि त्याची रचना जशीच्या तशी राहते. आजही जगभर त्याचेच दहा टक्क्यांचे द्रावण वापरतात. तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रावण हवे. परंतु फॉर्मॅलिन जंतूंनाही मारते, त्यामुळे त्यात ठेवलेल्या तुकड्यातून क्षयाचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत. संशय दोन्हींचा असेल तर बाटल्याही दोन: एक फॉर्मॅलिनची, सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरी निर्जंतुक मिठाच्या पाण्याची, जंतूंच्या परीक्षेसाठी, आणि ती लगेच पोचवावयाची. डॉक्टर हे जाणतात. पण घाईगर्दीच्या ठिकाणी, "दोन बाटल्या झाल्या ना?" असे विचारणारा एक नातलग असला तर कोणाचे काही बिघडत नाही.

प्रयोगशाळेत पुढे काय होते हे सांगावयास आम्हांस नेहमीच आनंद वाटतो. तुकडा मेणात बसवून त्याचा लहानसा ठोकळा करतात. त्या ठोकळ्याचे यंत्राने इतके पातळ काप काढतात की, एक काप केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या भागाएवढा असतो. मग त्यास दोन रंग देतात. पेशींची केंद्रके निळीजांभळी करणारा पहिला रंग हीमॅटॉक्सिलिन. तो मेक्सिकोच्या कांपेचे प्रांताच्या बाजूस होणाऱ्या एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो. आणि गंमत अशी की, घोलवड-बोर्डीच्या ज्या चिकूवर आपल्या कित्येक घरांची चूल पेटते, त्या चिकूचे मूळ माहेरही त्याच मुलखातले. एका मुलखातून आपल्याकडे वाडी आली आणि निदानाचा रंगही आला. दुसरा रंग इओसिन. त्याने बाकीचे सर्व गुलाबी होते.

दुसरा तुकडा चांगला आला. त्यात चातीसारख्या, मध्ये फुगीर व टोकांस निमुळत्या पेशी दाटीवाटीने, आखूड जुड्या बांधल्याप्रमाणे रचलेल्या दिसल्या. त्यांच्यामधून हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेल्या पातळ रक्तवाहिन्या गेल्या होत्या. क्षयाच्या गाठीची खूण कोठेही नव्हती. येथपर्यंत डोळ्यांचे काम. परंतु चातीसारख्या पेशींच्या गाठी अनेक जातींच्या असतात, आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबून नाव देणारा मनुष्य कितीही अनुभवी असला तरी येथे फसतो. आम्हीही तरुणपणी फसलो आहो.

पुढची पायरी प्रथिने ओळखणाऱ्या रंगांची. ठराविक प्रथिनावर जाऊन चिकटणारी प्रतिद्रव्ये कापावर सोडतात. प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटतो. सारवणाच्या जातीचे केराटिन नावाचे प्रथिन या गाठीत तुरळक ठिकाणी उमटले. एवढ्यावरूनच कार्सिनोमा असे लिहून मोकळे होण्याचा मोह येथे होतो. परंतु टीएलई-१ नावाचे प्रथिन केंद्रकाकेंद्रकांतून गडद उमटले, आणि संशय सायनोव्हियल सार्कोमावर आला. हे नाव फसवे आहे. सायनोव्हियम म्हणजे सांध्याचे आतील अस्तर. पूर्वी ही गाठ गुडघ्याच्या आसपास पुष्कळदा सापडे म्हणून तसे नाव पडले. पुढे कळले की तिचा सांध्याशी संबंध नाही. फुप्फुसातील या गाठींचा पहिला मोठा संग्रह, २५ रुग्णांचा, १९९५ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी अशा किती गाठी दुसऱ्याच नावांखाली गेल्या असतील ते कोण सांगणार?

शेवटचा पुरावा गुणसूत्रांचा. या गाठीत एक्स गुणसूत्र आणि अठरावे गुणसूत्र यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, आणि दोन जनुके एकमेकांस जोडली जाऊन एक भलतेच संयुक्त जनुक तयार होते. चकाकणाऱ्या रंगांनी ही मोडतोड पेशीत प्रत्यक्ष पाहता येते. ही अदलाबदल गाठीच्याच पेशींत घडते. ती आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. आमच्या गृहस्थांच्या पत्नीने पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि तिला हे उत्तर देता आले याचे आम्हांस समाधान वाटले.

एवढा खटाटोप केवळ नावासाठी कशाला, असे म्हणणारे लोक आम्हांस भेटतात. त्यांस आम्ही दोन गाठींचे उदाहरण देतो. छातीच्या आवरणावर एकलकोंडी वाढणारी एक तंतुमय गाठ असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातही तशाच चात्या, तशीच हरणाची शिंगे. पण ती बहुतेक वेळा सौम्य असते. नीट कापून काढली म्हणजे काम संपते. दुसरी एक दाहजन्य वाटणारी गाठ मुलांत व तरुणांत होते. तिच्यातील सुमारे निम्म्या गाठींत एएलके नावाच्या जनुकात बिघाड असतो, आणि त्या बिघाडावर नेमके चालणारे गोळीचे औषध आज मिळते. तिसरी आपली सायनोव्हियल सार्कोमा. तिला मोठी शस्त्रक्रिया, तीव्र औषधे, कधी किरणोपचारही लागतात, आणि तरीही ती पुष्कळदा उलटते. तिघी एकीसारख्या एक दिसतात. उपचार मात्र तीन प्रकारचे, आणि भवितव्यही तीन प्रकारचे.

या शास्त्राची आपल्या प्रांतातील परंपरा मोठी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथील विकृतिविज्ञानाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. कोणत्या समाजात, कोणत्या चालीरीतींमुळे कोणता कर्करोग अधिक होतो, याचा त्यांनी केलेला अभ्यास जगात नावाजला गेला. तंबाखू तोंडात धरण्याची सवय, घट्ट कसलेल्या धोतराची निरी, असल्या घरगुती गोष्टींकडे त्यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. आमच्या पिढीने समाजाकडे पाहण्याची ती रीत तेथूनच उचलली.

सार्कोमाच्या बाबतीत मात्र चालीरीतींचा असा धागा सापडत नाही. कारण विचारले जाते, आणि डहाणूत तर हमखास एकच प्रश्न येतो: १९९५ च्या सुमारास येथे सुरू झालेल्या औष्णिक विद्युत्केंद्राचा धूर याला कारण आहे काय? जून १९९१ मध्ये सरकारने हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने पुढे अनेक वर्षे त्यावर लक्ष ठेवले, तेव्हा लोकांच्या मनात हा प्रश्न यावा हे योग्यच आहे. पण सायनोव्हियल सार्कोमाचा धुराशी, किंवा विडीशीही, संबंध सिद्ध झालेला नाही. याचा अर्थ धुरास निर्दोष ठरविले असा कोणी करू नये. दमा, फुप्फुसांची जुनाट सूज आणि सारवणाचे कर्करोग यांच्या बाबतीत धूर हा आरोपीच आहे, मग तो चिमणीचा असो, विडीचा असो वा बंद स्वयंपाकघरातील चुलीचा.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी आमच्या गृहस्थांच्या बाबतीत अखेरपर्यंत तपासावी लागली. फुप्फुसात सार्कोमा दिसला की तो तेथलाच असेल असे मानावयाचे नसते. फार करून तो पाहुणा असतो. मांडीत, पोटरीत, दंडात उठलेला सार्कोमा रक्तावाटे फुप्फुसात जाऊन बसतो. म्हणून त्यांना नखशिखांत तपासले, सर्व अंगाची प्रतिमा घेतली. दुसरीकडे काही मिळाले नाही, तेव्हाच गाठ मूळची फुप्फुसातली असे लिहिले. पण इतर रुग्णांत कित्येकदा मांडीत अंड्याएवढी गाठ मिळते, आणि विचारल्यावर कळते की ती दोन वर्षांपासून होती. दुखत नव्हती म्हणून सांगितली नाही. कोणी तेल लावून चोळून घेतली होती, कोणी भगताकडून उतरवून घेतली होती. न दुखणारी पण वाढणारी, खोलवर बसलेली गाठ कोणाच्याही अंगावर असेल तर ती चोळू नये, दाखवावी. आपल्या बायका तर अशी गाठ नवऱ्यापासूनही लपवितात.

मोठ्यांची हकीगत झाली. लहान मुलांच्या फुप्फुसात होणारा एक सार्कोमा आहे, त्याविषयी बोलल्याशिवाय आम्हांस येथून उठता येणार नाही. त्याचे नाव प्ल्यूरोपल्मनरी ब्लास्टोमा. स्वतंत्र रोग म्हणून तो १९८८ साली ओळखला गेला. बहुतेक रुग्ण सहा वर्षांच्या आतले. अगदी तान्ह्या वयात तो नुसत्या हवेच्या पोकळ्यांच्या रूपात असतो आणि जन्मजात दोष म्हणून सोडून दिला जातो. पुढे त्या पोकळ्या भरत जातात आणि घट्ट, घातक गाठ होते. पोकळ्यांच्या अवस्थेत ओळखला आणि काढला तर बहुतेक मुले वाचतात. २००९ साली असे कळले की, याच्या मुळाशी डायसर-१ नावाच्या जनुकातील दोष असतो, आणि सुमारे दोनतृतीयांश मुलांत तो दोष आईकडून वा बापाकडून आलेला असतो. आईबाप दोघेही धडधाकट असू शकतात, कारण दोष असूनही बहुतेकांना काहीच होत नाही. गोत्रात वा जवळच्या नात्यात लग्न केल्याने हा रोग होतो असेही नाही. एका पालकाकडून आलेला दोष पुरतो.

अशा मुलाच्या आईबापांस आम्ही विचारतो: आत्याच्या, मावशीच्या गळ्याला तरुणपणी गाठी होत्या काय? कोणा मुलीच्या अंडाशयाची शस्त्रक्रिया झाली होती काय? कोणा बाळाच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी निघाल्या होत्या काय? कारण हाच दोष तेथे तेथे अशा रूपांनी प्रकट होतो. येथे उत्तर मिळत नाही. गळ्याची शस्त्रक्रिया लग्न ठरेपर्यंत लपविलेली असते आणि लग्नानंतर ती बोलण्याचे कारण उरत नाही. आपल्या संस्थेने परिश्रमपूर्वक केलेल्या कुलवृत्तांताचे आम्हांस कौतुक आहे. परंतु त्यातील वंशवृक्ष आम्ही वैद्याच्या दृष्टीने उघडतो तेव्हा त्याच्या अर्ध्या फांद्या छाटलेल्या दिसतात. मुलगी उंबरगावास, दमणला, वलसाडला दिली की तिचे नाव 'कन्या एक' एवढेच उरते. तिची मुलेबाळे दुसऱ्या कुलाच्या पानावर जातात, आणि तेथे ती कोणाची नात हे लिहिलेले नसते. जनुक मात्र मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. ते लेकीबरोबर सासरी जाते आणि तिच्या लेकीबरोबर पुढच्या सासरी.

संस्थेच्या चालकांनी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढावयाचे योजिले आहे असे समजते. तीत लेकींची नावे, त्यांची सासरे, त्यांची अपत्ये, आणि लहानपणी दगावलेली मुले व त्यांचे आजार यांची नोंद करावी, अशी आमची विनंती आहे. आजाराची पाने छापू नयेत. ती ज्याच्या त्याच्या घरी लिहिलेली राहिली तरी पुरे. त्यांच्याच शेजारी तपासणीचे जुने अहवाल ठेवावेत. शस्त्रक्रिया झाली असेल तर मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या कोठे आहेत ते लिहावे. दुसऱ्या रुग्णालयात जाताना त्या मागून घेता येतात, आणि जुन्या ठोकळ्यावर नवी परीक्षा होऊ शकते. पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

आमच्या गृहस्थांच्या फुप्फुसाचा एक खंड काढला गेला, औषधे झाली, आणि त्यांना चार वर्षे मिळाली. त्यांपैकी तीन चांगली गेली. वाडीत उभे राहून त्यांनी दोन हंगाम स्वतः तोडणी करून घेतली. शेवटच्या वर्षी गाठ उलटली. त्यांचा ठोकळा आमच्या विभागात जपून ठेवलेला होता. पुढे त्यांच्या मुलाने येऊन विचारले की, वडिलांच्या गाठीवर आता एखादी नवी परीक्षा होते काय, आणि आम्ही तो ठोकळा त्याच्या हाती दिला.